सुपारीचे ठोके

बोर्ली पंचतनच्या आमच्या अंगणात, सुपारी सोलता सोलता मी जपानी बोलायला शिकले. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काम मिळावं म्हणून मोबाइलवर वर्ग लावला होता. दुपारी जेवणं उरकली की सगळी वाडी गुंगीत जायची आणि त्या गुंगीत मी परके आवाज तोंडात घोळवत राहायचे. समोर आई असायची. घरात आम्ही दोघीच.

'त्सु' मला पहिल्याच दिवशी आला. चमच्यातला 'च' जिथून निघतो, जवळपास तिथूनच तोही निघतो. मराठी जिभेला त्यात काय नवल! मी चांगलीच फुशारले. पण माझी फजिती केली ती न बोलायच्या जागेनं. शाळेला तिकडे 'गाक्को' म्हणतात. वर्गाच्या बाई सांगायच्या, त्यात चार ठोके: 'गा', मग श्वास अडवून एक ठोका गप्प, मग 'को', मग त्याचाच लांबलेला 'ओ'. चारही ठोक्यांना सारखा वेळ. मी आपली 'पक्का' म्हणावं तशी एका दमात उरकून टाकायचे.

"घाई कसली गो तुला?" म्हणत आईनं हातातली सुपारी पाटावर आपटून ठोका द्यायला सुरुवात केली. गप्प ठोक्याला ती हात वरच धरून ठेवायची. जपानीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण ताल मात्र रक्तातच.

हळूहळू ती गप्प जागा मला आवडायला लागली. तेवढ्यात माडांची सळसळ ऐकू यायची, वाडीतल्या पाटाचं वाहतं पाणी ऐकू यायचं. वाटायचं, जपान समुद्रापलीकडे नाहीच, तो इथंच या एवढ्याशा जागेत आहे. मग आई पुढचा ठोका द्यायची आणि मी 'को' म्हणायचे.

मुलाखत व्हिडिओवर झाली. माझी निवड झाली. धावत अंगणात येऊन मी आईच्या गळ्यात पडले, तर ती सुपारी सोलतच राहिली.

"मुलाखतीआधी दोन दिस मी मुद्दाम ठोका चुकवत व्हते," ती म्हणाली. "वाटलं, न्हाय जमलं तुला तर बरंच हाय. घरात ऱ्हाशील."

राग यायला हवा होता. आला नाही, मी तिच्या शेजारी बसले.

"मला तर कळलंच न्हाय गो आई."

"व्हय," ती म्हणाली. "तू माझ्या हाताकडं बघतच नव्हतीस. ठोका चुकला तरी बरोबर बोलत व्हतीस."