पॉटलकमधला गोळाभात

पॉटलकला काय न्यावं म्हणजे लोक तुटून पडतात, हे मला विचारा. आमच्या स्कीममधल्या पॉटलकांमध्ये मी दुसऱ्यांचे डबे बघण्यातच दिवस काढले, त्यामुळे माझा अभ्यास दांडगा आहे. छोले न्या, हमखास संपतात. छोले बिघडवायला फार मोठं कर्तृत्व लागतं. दहीवडे न्या, पण दही वेगळ्या डब्यात न्या, नाहीतर वाढेपर्यंत नुसता चिखल होतो. कोथिंबिरीचं सारण भरलेली पुडाची वडी न्याल तर लोक भाजी-पोळी सोडून तिच्याच मागे लागतात. पास्ता मात्र अजिबात नेऊ नका. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई दर वेळी आणते, दर वेळी जवळजवळ तसाच परत नेते, तरी तिची हौस काही फिटत नाही.

आणि मी काय नेत होते? पेपर प्लेटा.

वर्धा रोडला पुढे आमची ही फ्लॅट स्कीम. महिन्याच्या शेवटच्या रविवारी खालच्या हॉलमध्ये पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. कुणी काय आणायचं ते सेक्रेटरीची बायको ठरवते आणि ग्रुपवर टाकते. सेक्रेटरी तिचा नवरा आहे, पण राज्य हिचं. मी तिला मनातल्या मनात सेक्रेटरीणबाई म्हणते. आम्ही राहायला आलो त्या महिन्यात माझ्या वाट्याला प्लेटा आल्या. म्हटलं, नवीन आहोत, सामान अजून लागलं नाही, त्रास नको म्हणून असेल. पुढच्या महिन्यात कोल्ड्रिंक. मग चिप्सची पाकिटं. मग टिश्यू पेपर, पाण्याच्या बाटल्या, पुन्हा प्लेटा. जे जे म्हणून सीलबंद, ते ते माझं. आमच्या मागून आलेल्या पंजाबी बाईला पहिल्याच महिन्यात राजमा मिळाला.

मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. आम्ही बौद्ध. दार उघडलं की समोरच्याच भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर दिसते. ती पाहिली की कुणाला आडनाव विचारायची गरज पडत नाही. सेक्रेटरीणबाई एकदा मेंटेनन्सची पावती द्यायला आल्या होत्या. तसबीर पाहिली, सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. मी पाणी आणलं तर म्हणाल्या, "नको हो, आत्ताच पिऊन आले." मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात समोर आलेल्या थंड पाण्याला नको म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "जाऊ दे ना वं. आपल्याले काय कमी हाये? नेऊन टाक प्लेटा." नवरा बँकेत आहे आणि त्याचा अर्धा संसार या 'जाऊ दे ना'वर चालतो. माझा चालत नाही. माझ्या ऑफिसात दुपारी माझा डबा उघडला की मलाच चमचाभर उरत नाही. आणि इथे, जिथे मी कर्ज काढून घर घेतलं, तिथे माझ्या हातची साधी चटणी कुणाच्या पानात पडू नये? माझं मागणं तरी केवढं होतं! माझ्या हातचं काहीतरी यांनी एकदा खावं, एवढंच.

मग मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर आलं, या वेळचं पॉटलक 'विदर्भ स्पेशल'. मी यादी यायची वाटच पाहिली नाही. टाकून मोकळी झाले: गोळाभात मी आणते.

ग्रुप एकदम चिडीचूप. एरवी गुड मॉर्निंगची फुलं टाकून मोबाईल भरून टाकणाऱ्या बाया कुठे गेल्या कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं सेक्रेटरीणबाईंचा मेसेज आला. 'अहो ताई, कशाला एवढा त्रास? तुम्ही आपलं प्लेट्सचं बघा ना.' मी लिहिलं, 'प्लेटाही आणते आणि गोळाभातही आणते.' एक अंगठा आला.

गोळाभात ही माझ्या मायची देणगी. माय मौद्याकडच्या गावात राहते, घरचं थोडं धान आहे, तांदूळ तीच पाठवते. चण्याच्या डाळीचा जाडसर भरडा, त्यात तिखट, मीठ, हळद, ओवा, भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर. घट्ट भिजवून गोळे करायचे आणि भात अर्धा शिजला की त्यात खुपसून वाफवायचे. पण हे सगळं झालं तरी गोळाभात अजून झालेला नसतो. पानात भात घ्यायचा, गोळा कुस्करायचा आणि वरून लसूण-मोहरी-लाल मिरचीची फोडणी दिलेलं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल सढळ हातानं ओतायचं. तेलाशिवाय तो घशाखाली उतरत नाही, ठसका लागतो. म्हणून मी मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून भात नेला आणि तेल वेगळ्या कडीच्या डब्यात नेलं.

हॉलमध्ये पाय ठेवला तशा सेक्रेटरीणबाई धावत आल्या. "द्या द्या, जड असेल. आत किचनमध्ये ठेवते, वाढायच्या वेळी गरम करू." गंज गेला, डबा गेला, आणि मी दाराशी प्लेटा वाटत उभी राहिले. लोक येत होते, माझ्याकडून प्लेट घेत होते, थँक्यू म्हणत होते. प्लेटा वाटून मी आत जाऊन पोचले तर गंज रिकामा.

"सगळा संपला हो!" सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "बोटं चाटत होते लोक. तुम्हाला मिळाला की नाही?"

गंज घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून तळाशी चमचाभर साखर. मला इतका आनंद झाला की काय सांगू! येडीच मी. गंज आणि तेलाचा डबा उचलला, डबा उघडूनही न पाहता, लिफ्टची वाटही न पाहता जिन्यानं वर आले आणि आधी मायला फोन लावला.

"खाल्ला का त्याहीनं?" मायनं विचारलं.

"खाल्ला, माय."

"साऱ्याहीनं?"

"साऱ्यांनी. गंज घासून परत आला."

माय म्हणजे तिच्या गावात कोणाच्या घरी कुठवर आत जाता येतं आणि कुठे ओसरीवरच थांबायचं हे पाठ करत म्हातारी झालेली बाई. ती म्हणाली, "पुढच्या खेपेले मी येतो. माह्या हातचा करून नेऊ." तिचा आवाज असा खुशीत मी माझ्या लग्नातही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीला फोडणी द्यायला तो कडीचा डबा उघडला. तेल काठोकाठ. वर लसणाच्या पाकळ्या तशाच तरंगत होत्या.

गंजभर गोळाभात संपला आणि तेलाला कुणी शिवलं नाही? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. खोटं बोलायचं तर नीट बोलावं की माणसानं! अर्धं तेल मोरीत ओतायचं होतं. तेवढेही कष्ट नाही घेतले. तरी म्हटलं, उगाच कोणावर आळ नको. ऑफिसला निघाले तर गेटवर वॉचमन हसत उभा. तो मध्य प्रदेशचा, बायको-पोरांसकट पार्किंगमागच्या खोलीत राहतो.

"मॅडम, कल का चावल एक नंबर था," तो म्हणाला. "सेक्रेटरी मॅडम बोलीं, किसी ने लिया नहीं, पूरा तुम लोग ले जाओ. बच्चों ने सुबह भी वही खाया."

त्या बिचाऱ्याचा काय दोष? म्हटलं, "अगली बार ऊपर से तेल भी माँग लेना, भैया." आणि गाडी काढली. अमरावतीच्या रोडवर ऑफिस आहे, सगळ्या रस्त्यात मी हेल्मेटच्या आत शिव्या देत होते. सिग्नलवर शेजारचा ट्रकवाला वळून बघत होता, तर बघू दे.

नवरा म्हणाला, "एखाद्या वेळेस तिखट वाटला असंल वं त्याहीले."

"तिखट चाखल्यावर वाटतं. चाखायला आधी तोंडात घालावं लागतं," मी म्हटलं.

आता प्रश्न मायचा होता. ती सगळ्या गावाला सांगून बसली होती की पोरीच्या स्कीममध्ये मला भात करायला बोलावलं आहे. तिला कोणत्या तोंडानं सांगू की तुझा तांदूळ कुणी बोटानंही चाखला नाही? नवऱ्यानं तोड काढली, पॉटलक रद्द झालं म्हणून सांग. मी भडकले. माझी माय काय चोर आहे, तिला लपवायला? येऊ दे तिला. या वेळी गंज आमच्या हातून सुटणार नाही आणि काय बोलायचं ते यांना तिच्या तोंडावर बोलावं लागेल. हे ठरवलं खरं, पण अडचण वेगळीच होती. मला भांडायचं होतं, आणि मायला मात्र काही लागू नये असंही वाटत होतं. ही दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत.

माय एसटीनं आली. नवा तांदूळ, घरचा भरडा, फडक्यात बांधलेला लसूण. पांढरी साडी कडक इस्त्री करून नेसली, जी ती फक्त चांगल्या कार्याला काढते. भात तिनं घरीच शिजवला, आणि गंजाबरोबर मी घरची छोटी शेगडी आणि सिलिंडरही खाली नेलं. सेक्रेटरीणबाई पुढे आल्याच. "आत ठेवू का?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच राहील. टेबलावर."

मायनं कढईत तेल टाकलं, लसूण टाकला, मिरच्या टाकल्या. हॉलभर असा वास सुटला की कॅरम खेळणारी पोरंसुद्धा उठून आली. मायनं वाढायचा डाव हातात घेतला, हसून म्हणाली, "या बाई, पहिले तुमी."

सेक्रेटरीणबाईंनी हातातली प्लेट छातीशी धरली. "अहो आजी, आज माझा उपास आहे."

मायनं त्यांच्या प्लेटकडे पाहिलं. दोन पुऱ्या होत्या, छोले होते.

"पुरी चालते का उपासाले?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे, भात वर्ज्य आहे. महिनाभर."

"बरं," माय म्हणाली आणि डाव पुढच्या बाईकडे नेला. तिला ॲसिडिटी होती. तिच्यानंतरचीला डॉक्टरनं तिखट बंद केलं होतं, प्लेटमध्ये मिरचीची भजी होती. एकीचा फोन वाजला, म्हणजे वाजला असं तिनं दाखवलं. पंजाबी बाईनं प्लेट पुढे केली, "आंटी, तेल ज्यादा देना" म्हणाली. पास्तावाली आली, उभ्या उभ्या खाल्ला, पुन्हा मागून घेतला. बाकी सगळ्या सॅलडकडे सरकल्या. माझ्या मायचं हसू हळूहळू उतरत गेलं. मी ते नुसती बघत होते. इतके दिवस हेल्मेटमध्ये घोकलेली सगळी भाषणं कुठे गेली देव जाणे.

माय माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मागच्या बारीही असंच झालं काय वं?"

मी होय म्हणून मान हलवली.

तोवर हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती. पंजाबी बाई जरा मोठ्यानंच म्हणाली, "भाभीजी, आपका तो कल तक कोई व्रत नहीं था." सगळ्यांची तोंडं सेक्रेटरीणबाईंकडे वळली. तशा त्या परत आल्या, गोड हसत, प्लेट पुढे करत. "द्या हो आजी, चवीपुरता. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमचं मन कशाला मोडू?"

मायनं गंजावर झाकण ठेवलं. शेगडी बंद केली.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, थोडासा द्या ना."

"तुमाले नाही देत, बाई."

आवाज चढवला नाही तिनं. डाव पुसला, साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाली, "धर एका बाजूनं." आम्ही दोघींनी गंज उचलला आणि बाहेर पडलो. मागे नवरा शेगडी घेऊन निघाला, पहिल्यांदाच 'जाऊ दे ना' न म्हणता.

माझ्या मायच्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही. पीक बुडालं त्या वर्षीही नाही, आणि ज्यांच्या ओसरीवर तिला आयुष्यभर थांबवलं गेलं, त्यांची पोरं शेतातून येताना भुकेली दिसली तर त्यांनाही तिनं बसवून वाढलेलं आहे. खायला मागणाऱ्याला नाही म्हणताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. घरी येऊन तिनं आम्हाला वाढलं, वॉचमनच्या घरी पाठवलं, आणि स्वतः मात्र पाणी पिऊन झोपली.