डाव्या पिशवीचा दोरा

रसिक श्रोतेहो! सर्व मान्यवरांनी आपापल्या जागा घ्याव्यात, मागच्या रांगेतल्यांनी शेंगा फोडणं थांबवावं, आणि ज्यांची मुलं रडत असतील त्यांनी ती बाहेर न्यावीत. आता या ठिकाणी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या दृष्टीनं अत्यंत गंभीर असं एक निवेदन होणार आहे. निवेदन असं, की मी एकदा एक पिशवी चुकीच्या दोऱ्यानं शिवली.

हसलात? हसा. लोकांना हसवणं हा माझा धंदाच आहे. पण आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. हणमंताला नाही. आक्कांना तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यांनाच.

थांबा, जरा मागून येतो. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, ही माझी जुनी खोड.

साताऱ्यात माझं वह्यापुस्तकांचं दुकान आहे. संध्याकाळी आणि लग्नसराईत मी माइकवर असतो. साखरपुडा, निवृत्तीचा सत्कार, कुणा साहेबांचा वाढदिवस, काहीही असो, सूत्रसंचालन माझं. आणि उरलेल्या वेळात शिवतो. पँट-शर्ट नाही. पिशव्या. सायकलवरून लांबच्या मुक्कामी जायचं तर तंबू, पथारी, स्टोव्ह, कपडे हे सगळं पाठीवर घेऊन भागत नाही. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पिशव्या लटकवाव्या लागतात. त्यांना पॅनिअर म्हणतात. आम्ही गोण्याच म्हणायचो, कारण गाढवाच्या पाठीवर असतात तशाच त्या दिसतात, आणि मधलं गाढव कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

विकतच्या मिळतात. पण विकतच्या घेण्यात कसली आलीय मजा? मी मंडपवाल्याकडून जाड कॅनव्हास आणायचो. पाठीला कडकपणा यावा म्हणून आत प्रचाराच्या बोर्डाचा तुकडा घालायचो. आणि अस्तर — अस्तर म्हणजे माझा खास शोध. कार्यक्रम संपला की संयोजकांकडून मी फ्लेक्स मागून घ्यायचो. पाण्याचा थेंब आत जात नाही. फक्त पिशवी उघडली की आतून कुणीतरी साहेब हात जोडून तुमच्याकडे बघत असायचे. हणमंतानं पहिल्यांदा आपली पिशवी उघडली तेव्हा म्हणाला, ‘‘गड्या, हे थोबाड काढ. ह्याच्यासमोर मी चड्डी कशी ठेवू?’’

हणमंत म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. फौजेत हवालदार होता, निवृत्त होऊन साताऱ्यात राहिला. गाव मेढ्याजवळची एक वाडी. तिथं त्याची आई, आक्का, एकटी राहायची. हणमंताला सायकलवरून कन्याकुमारीला जायचं होतं. खूळ म्हणा हवं तर, पण त्यानं ते बर्फातल्या चौकीवर बसून ठरवलं होतं. दुसरं काही त्यानं स्वतःसाठी कधी मागितलेलं मला आठवत नाही. आधी सराव म्हणून सांगली करायची असं ठरलं. वाडीतून निघायचं, सातारा, कराडजवळ नदीकाठी तंबू ठोकायचा, दुसऱ्या दिवशी सांगलीला त्याच्या बहिणीच्या घरी जेवायला. मी आणि तो, दोघंच. त्याच्या पिशव्या मी शिवणार होतो.

मिलिटरी हिरव्या रंगाचं कॅनव्हास मिळालं. देखणं! हिरवाच जाड नायलॉनचा दोरा लावला, चपला-बुटांना वापरतात तो. आयुष्यात तितकं सुरेख काम मी पुन्हा केलं नाही. दोन्ही पिशव्या झाल्या, फक्त डाव्या पिशवीचा वरचा पट्टा राहिला, ज्याला हुक असतो आणि सगळं ओझं ज्याच्यावर पडतं तोच — आणि हिरवा दोरा संपला.

आता ऐका. समोर फळीवर पांढऱ्या नायलॉनचं अख्खं रीळ होतं. तितकंच मजबूत. पण हिरव्यावर पांढरी टीप? लोक बघणार होते. वाडीत, सांगलीत, रस्त्यात, जिथं थांबू तिथं. बायकोच्या डब्यात हिरवा दोरा होता, अगदी त्याच छटेचा — ब्लाउज शिवायचा, सुती.

मी तो लावला. टीप दोनदा मारली, ओढून बघितली, टिकली. मनाशी म्हटलं, निघण्याआधी उसवून परत शिवू. तुम्हाला ठाऊकच आहे, असं म्हटलेल्याचं पुढे काय होतं ते.

वाडीत पोचलो तर अंगण भरलेलं. हवालदार सायकलवर सांगलीला निघाला म्हणून अख्खी वाडी बघायला आलेली. मग मी काय गप्प बसणार? पिशव्यांवर भाषणच ठोकलं. माइक नव्हता एवढंच. ‘‘मंडळी, ही टीप हत्तीनं ओढली तरी तुटायची नाही!’’ पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आणि आक्का आतून तांदूळ घेऊन आल्या.

आक्कांचं एक व्रत होतं म्हणा. त्यांच्या उंबऱ्यातून रिकाम्या हातानं कुणी गेलेलं त्यांना चालायचं नाही. मीटर बघायला येणाऱ्यालाही भोपळा देऊन धाडायच्या. एकदा वाट चुकून आलेल्या पर्यटकांच्या गाडीत त्यांनी बळेच घेवडा कोंबला होता. लेक सांगलीला दिलेली, उसाच्या आणि हळदीच्या मुलखात. तिला डोंगरातला नवा तांदूळ जायलाच हवा. त्यांनी मापानं मोजून दोन सारख्या वाटण्या केल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘दोनी अंगाला सारकंच घाल बाबा. सायकल कलाय नको.’’

मी तो डावा पट्टा बघत होतो. आठवत नव्हतं असं नाही. पक्कं आठवत होतं. ‘आक्का, डावीकडं नको, थोडं माझ्या सायकलवर टाका’ — एवढंच म्हणायचं होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, का हो? हत्तीचं काय झालं? आत्ताच ठोकलेलं भाषण गिळायचं, तेही टाळ्या घेतल्यावर? मी हसत हसत स्वतःच्या हातानं तांदूळ आत भरले आणि साहेबांच्या जोडलेल्या हातांवर झाकण लावलं.

साताऱ्याच्या अलीकडच्या उतारावर हणमंत माझ्या पुढे होता. गाणं म्हणत होता. एक खड्डा — फार मोठाही नव्हता. डावा पट्टा सुटला, पिशवी आत वळली, चाकाच्या तारांत अडकली, चाक जागच्या जागी थांबलं. माणूस थांबला नाही. कडेच्या दगडांवर तो ज्या रीतीनं पडला ते मी कधीच कुणाला सांगत नाही. त्या भागाची मी गोष्ट केलेली नाही.

दुधाचा टेम्पो आला, त्यातून लोकांनी त्याला नेलं. सायकली आणि सामान सांभाळायला मी मागं राहिलो. खरं सांगायचं तर मीच म्हणालो, मी थांबतो. त्यानं माझा हात धरला होता. तो मी सोडवून घेतला. कारण मी पट्टा बघितला होता. टीप सरळ उसवली होती, हुक पट्ट्यासकट कॅरिअरवर तसाच अडकलेला, आणि त्याला सुती दोऱ्याची बारीक हिरवी टोकं.

आणि उजवी पिशवी? ती शाबूत. तितकेच तांदूळ, तोच खड्डा, तोच उतार. नायलॉनची टीप, जागची हलली नव्हती. ज्याला डोळे आहेत त्याला दोन पिशव्या शेजारी ठेवल्यावर कळलं असतं.

म्हणून मी चाकू काढला. डावा पट्टा ओढ्यात फेकला. मग उजव्या पिशवीचा पट्टाही कापायला घेतला. टीप चाकूला दाद देईना. आणि — हेही लिहूनच टाकतो — त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझा दोस्त मोडून पडला होता आणि मी मनात म्हणत होतो, वा, काय शिवलंय! शेवटी कापड फाडलं. तिच्यातले तांदूळ रस्त्याच्या कडेला ओतले. आक्कांनी पाखडून, निवडून दिलेले. अन्न मातीत घातलं मी, कारण ते माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

दवाखान्यात आक्का एस्टीनं आल्या, तशाच, शेतातल्या लुगड्यानं. हणमंताचा खुबा मोडला होता. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, ‘‘माज्या तांदळानं पडला का रं?’’

बघा, किती सोपी जागा होती. ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती, एक ‘नाही’! मी म्हणालो, ‘‘आक्का, जरा जास्तच झालं ओझं. दोन्ही पिशव्या फाटल्या.’’

आक्का पदराचं टोक तोंडाला लावून बाकावर बसल्या.

इथं थांबलो असतो तरी एक खोटं, एक भित्रेपणा म्हणून मिटलं असतं. पण मी माइकवाला माणूस. पुढच्याच महिन्यात एका निवृत्तीच्या कार्यक्रमाला कुणीतरी हणमंताची चौकशी केली आणि माझ्या तोंडून वाक्य निघालं: ‘‘शत्रूच्या गोळीला जो पुरून उरला, तो हवालदार आईच्या तांदळानं पाडला!’’ सभागृह कोसळलं. इतका मोठा हशा मला कधी मिळाला नव्हता. मग मी तो परत परत घेतला. कराडला घेतला, सांगलीला घेतला. दर वेळी थोडं मीठमसाला. आक्का ठेंगण्या, पोतं त्यांच्याएवढं, सायकल म्हणते ‘आई गं’. हणमंत काठी टेकत यायचा आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. कन्याकुमारी सुटली ती सुटलीच. त्यानं सायकल विकली नाही, भिंतीला टांगून ठेवली. मला एकदा म्हणाला, ‘‘म्हातारीला काय बोलू नको रं, लय मनाला लावून घेतलंय तिनं.’’ मी मान डोलावली. आणि पुढच्या शनिवारी परत तेच वाक्य म्हटलं.

गोष्ट वाडीला पोचायला कितीसा वेळ लागतो? पोरं आक्कांना चिडवायला लागली. ‘‘आक्का, आज कुणाला पाडायचं?’’ आणि आक्कांनी देणं बंद केलं.

नुसतं तांदळाचं नाही. सगळंच. मीटरवाला रिकामा जाऊ लागला. सांगलीची लेक माहेरी आली की भरून न्यायला आणलेल्या पिशव्या घडी करून परत न्यायची. तिला वाटलं, आईचं आपल्यावरचं मन उडालं. तिनं येणं कमी केलं. हणमंताची बायको म्हणायची, सासूबाई म्हातारपणी चिकट झाल्या. कुणालाही वेगळं काही सुचलं नाही. मला एकट्याला माहीत होतं, आणि मला काम होतं — लग्नसराई होती, परीक्षांचा हंगाम होता, दुकानात वह्यांची गर्दी होती. माणसाला किती कामं असतात, नाही?

आक्का या उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी सुगीत मी एकदा वाडीला गेलो होतो, मोटारसायकलवरून, एकटाच, सांगायचं असं ठरवून. वाटेत वाक्यं घोकत गेलो, जशी कार्यक्रमाआधी घोकतो तशी. अंगणात नवा तांदूळ पडला होता. आक्कांनी चहा दिला, बायको-पोरांची विचारपूस केली, हणमंताचा पाय थंडीत दुखतो का विचारलं. मी म्हणालो, ‘‘आक्का, एक सांगायचं होतं.’’ त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. थकलेले डोळे, पण पुरतं लक्ष माझ्यावर.

मी त्यांना एक विनोद सांगितला. त्या हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी निघालो तशा त्या सवयीनं उठल्या. ओंजळ राशीत गेली, भरून वर आली, त्या माझ्यापर्यंत आल्यासुद्धा. मी डिकीचं झाकण उघडलं होतं. आणि तिथंच त्या थबकल्या, मागं सरल्या, तांदूळ राशीवर परत सांडले, हात लुगड्याला पुसले, आणि शेजारपाजारच्या बाया बघताहेत याचंही भान न राहून एकदम मोठ्यानं म्हणाल्या:

‘‘न्हाई रं बाबा! माज्या हातचं काय नको तुज्या गाडीवर!’’