शेठाणी म्हणू नका

पेपरात चार ओळी आल्या, 'कै. करीम शेठ यांच्या पत्नी अमीनाबी यांचं निधन.' दीड महिना झाला, माझा राग गेलेला नाही. जी आयुष्यभर एका शब्दासाठी भांडली, तिला मेल्यावर पुन्हा नवऱ्याच्या मागं नेऊन उभं केलं...

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी चांद्याला शाळेत शिकवायची आणि शेजारच्या लाकूडटालीचे, म्हणजे लाकडाच्या वखारीचे, अर्ज लिहून द्यायची. टालीचे मालक करीमभाऊ अचानक वारले. अमीनाबी विधवेनं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली, तेवढ्यात गाव तिच्या दिराला 'शेठ' म्हणू लागलं. त्यानं टालीत कधी पाय ठेवला नव्हता. आला तो सरळ छापाचा हातोडा मागायला. लिलावात घेतलेल्या प्रत्येक ओंडक्यावर धनी आपल्या हातोड्यानं अक्षर ठोकतो; हातोडा ज्याचा, माल त्याचा. अमीनाबीनं तो धान साठवायच्या ढोलीत पुरून ठेवला. इद्दत संपली तशी मला लिलावाचा अर्ज लिहायला बोलावलं. मी मोठी शहाणी, 'शेठाणी अमीनाबी' लिहिलं.

"खोडा ते, मास्तरीणबाई. शेठाणी म्हनजे शेठची बायको. तो तं गेला. आता धंदा मी करून राह्यली, मंग शेठ कोन?"

"लोक हसतील."

"हासू द्या. दात त्याईचेच दिसतीन."

आलापल्लीला जंगलखात्याच्या लिलावात शेठ लोकांना खुर्च्या, बाकीचे उभे. ही बुरखा सावरत पहिल्या खुर्चीत बसली. कारकुनानं विचारलं, "बाई, तुमचे शेठ कुठी हायेत?"

"बसली आहो न तुमच्यासमोर."

मी अर्जाचा कागद धरून तिच्या शेजारी उभी होते. दीर मागं उभा होता. तिनं सागाचा गट घेतला आणि ओंडक्यावर हातोडा स्वतः मारला. पहिला घाव चुकला, दुसरा बसला. दीर निघून गेला. तिला 'शेठ' म्हणायला हमालांना आणखी दोन पावसाळे लागले. खोटं कशाला सांगू, मलाही लागले.

परवा तिच्या घरी गेले. दिराची मुलं बसली होती. थोरला माझ्याकडं बघून म्हणाला, "चाची तं गेली. आता हातोडा कोनाकडे राहीन?" अमीनाबीची लेक रशीदा चहा गाळत होती. गेली कित्येक वर्षं टाल तीच चालवते आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कप खाली ठेवला. "मले काऊन विचारता? शेठले विचारा न," म्हटलं, आणि रशीदाकडं बोट केलं.

रशीदानं गाळणी ठेवली, आईच्या खाटेखालून हातोडा काढला आणि आईच्या खुर्चीत जाऊन बसली.