रसपोळीच्या जेवणात लावलेली रेकॉर्ड

मला रेकॉर्डींचा नाद आहे. साध्यासुध्या नाही. साठच्या दशकात मुंबई-कलकत्त्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी गळ्यात गिटारी अडकवून बीट बँड काढले, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये तालमी केल्या, इंग्रजीत बेंबीच्या देठापासून ओरडले, बशीएवढी एखादी रेकॉर्ड काढली अन् गुमान नोकरीला लागले. त्या रेकॉर्डी मी शोधतो. अख्ख्या बुलढाण्यात हा नाद असलेला मी एकटाच. बायको म्हणते, "बरं हाय बाप्पा, एकच हाय."

त्यातली सगळ्यात दुर्मिळ मला देऊळघाटला सापडली. तिथले एक चाचा पूर्वी लग्नात भोंगा लावायचे. त्यांच्या पेटीत ती सनईच्या अन् सिनेमाच्या रेकॉर्डींखाली दबून होती. खेड्यातल्या लग्नात हे इंग्रजी कशाला, असं विचारायचं मला सुचलंच नाही. हातात आल्यावर भान कुठलं!

गेल्या उन्हाळ्यात पोरीला पाहायला देऊळघाटचेच पाहुणे आले. पाहायचं नावालाच. ती अन् तो मुलगा एकाच शाळेत शिकवतात, दोघांचं ठरलेलंच होतं. फक्त मुलाच्या आजोबांचा होकार बाकी होता, अन् त्या घरात आजोबांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. पोरीनं सकाळीच बजावलं, "बाबा, आज रेकॉर्डीचं काही काढू नका."

मी काढलंच. रसपोळीची पंगत बसली होती, आजोबा दुसऱ्या पोळीवर तूप घेत होते. आपल्या गावची वस्तू पाहून खूश होतील, म्हणून मी सुई टेकवली. ड्रम धडाडले, पोरं ओरडायला लागली. आजोबांचा हात रसाच्या वाटीतच थांबला. त्यांनी पोळी ठेवली, ताटातच हात धुतला अन् उठले. मागोमाग मुलाचा बाप, काका, सगळे उठले.

"काय झालं आबा?" मी विचारलं.

"काय झालं म्हंते! जेवाले बलावता अन् उठा म्हणून सांगता? आमच्या गावात हे वाजलं का पंगत उठे. ताट अर्धं असो का भरेल असो!"

तेव्हा कुठं उजेड पडला. जेवून रेंगाळणाऱ्यांना उठवायला चाचा हेच गाणं लावत. साऱ्या गावाला ठाऊक. ड्रम वाजवणारा पोरगा कोण, कोणत्या कॉलेजचा, हे मला तोंडपाठ, अन् एवढंच तेवढं माहीत नव्हतं.

आजोबा चप्पल घालत होते. दारात पोर उभी, डोळ्यांत पाणी. मला माझीच अशी लाज वाटली, की सांगता सोय नाही. मी रेकॉर्ड काढली अन् त्यांच्यापुढं धरली.

"फोडा आबा. पण पोरीवर राग काढू नका."

रेकॉर्डीची कड मात्र माझ्या बोटांतून सुटेना. खोटं कशाला सांगू, थोडा जीव तिच्यातही होता.

आजोबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"फोडता काऊन? मांगची बाजू लावा."

मागची बाजू मी एकदाच ऐकली होती अन् संथ, रडकी म्हणून सोडून दिली होती. लावली. आजोबांनी चप्पल काढली, आपल्या जागी येऊन मांडी घातली. मागोमाग बाप, काका, सगळे बसले.

"हे लागलं का दुसरी पंगत बसे," ते मला म्हणाले. मग पोरीकडं पाहून, "वाढ वो माय. आता पुढं तुह्याच हातचं खाचं हाय मले."