मामांच्या विमानातल्या दोन बॅटऱ्या

माझ्या बायकोच्या मामांचा देवावर विश्वास होता, डॉक्टरांवर होता, अगदी निवडणुकीतल्या आश्वासनांवरही होता. अख्ख्या बंगळुरात त्यांचा विश्वास नव्हता तो फक्त बॅटरीवर. नव्वदनंतर लगेचच मी नोकरीसाठी पुण्याहून तिथे गेलो, आणि ओळखीचं दुसरं कोणी नसल्यामुळे रविवारी मल्लेश्वरमला मामांकडे जेवायची पद्धत पडली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं. 'जावई, स्वल्प बसा, सरी?' हे शुद्ध मराठी वाक्य आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी रेडिओवर चालणारं विमान बांधायला घेतलं. पंख आठ फुटांचे, इंजिन गवत कापायच्या मोडक्या यंत्रातलं, पेट्रोलवर चालणारं. तीन वर्षं ते बांधणं चाललं होतं आणि मी पाहिलं तेव्हा ते पूर्ण होतं. उडालं मात्र एकदाही नव्हतं.

कारण बॅटरी. विमानात त्या दोन होत्या: एक इंजिनाच्या ठिणगीसाठी, दुसरी खालून दिलेले हुकूम ऐकणाऱ्या रिसीव्हरसाठी. दोघींना मामांनी विमानाच्या दोन टोकांना ठेवलं होतं. शेजारी ठेवल्या की ठिणगीची कुरकुर रेडिओत ऐकू येते; नणंद-भावजय म्हणायचे ते. इंजिनाच्या थरथरीचा त्रास नको म्हणून रिसीव्हरच्या बॅटरीभोवती स्पंज गुंडाळलेला होता, आणि तो स्पंज मामींच्या उशीतला होता हे मामींना तीन आठवड्यांनी, मान धरल्यावर कळलं. नव्या पद्धतीचे सेल मी मुद्दाम मुंबईहून मागवून दिले तर त्यांनी ते हातात घेऊन परत केले. "बरे आहेत. पण अजून लहान आहेत." त्यांचा भरवसा, म्हणजे त्यातल्या त्यात, जुन्या निकॅड सेलवर. त्याचाही स्वभाव त्यांनी मला समजावला होता. "हा आमच्यासारखा, सरकारी. शेवटच्या दिवसापर्यंत साहेब, दुसऱ्या दिवशी कोणी नाही. मीटरवर आकडा पूर्ण दिसतोय, दिसतोय, आणि एकदम बसतोय. इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली येतंय, आपलंच राहतंय. ही रिसीव्हरची बॅटरी गेली की ते कुणाचंच नाही."

म्हणून दर रविवारी परीक्षा. त्या बॅटरीला मोटारीचा दिवा जोडायचा, मिनिटभर जळू द्यायचा, तेवढ्यात मीटर वाचायचा. काटा केसभर खाली दिसला की विमान परत पलंगाखाली. शेवटी एकदा मामींनी सांगितलं, की येत्या रविवारी एक तर हे उडेल, नाही तर भंगारवाल्याकडे जाईल. मामा बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते.

के. आर. पुरमच्या पलीकडे एका कोरड्या तळ्यात आम्ही मॅटाडोर भाड्याने घेऊन गेलो. उतरल्याबरोबर परीक्षा. उत्तम. पंख जोडल्यावर पुन्हा परीक्षा. मग वारा पडायची वाट पाहताना दोनदा, मग चित्रान्न खाऊन, मग मामी "पुरे हो आता" म्हणाल्या म्हणून खात्रीसाठी. मी मोजत होतो, आणि चौदापर्यंत मोजून सोडून दिलं. दर वेळी आकडा पूर्ण होता. दर वेळी मामांचा चेहरा थोडा मोकळा होत होता, आणि मला त्यांच्यासाठी खरोखर आनंद होत होता.

विमान उडालं. इतके दिवस पलंगाखाली राहिलेली वस्तू एवढी सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या. मामींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तिसऱ्या फेरीला मामांनी वळवलं आणि ते वळलं नाही. इंजिन मात्र झकास चालू होतं, कारण ठिणगीच्या बॅटरीला कोणी परीक्षेला बसवलंच नव्हतं. परीक्षा घेऊन घेऊन आम्ही दुसरीचा जीव काढला होता. विमान नाकासमोर, गरीब मुलासारखं चालत राहिलं, ठिपका झालं आणि दिसेनासं झालं.

आवाजही गेला. मी मामांकडे बघायचं टाळलं. "सरळ गेलं," ते म्हणाले. "जरा पण झुकलं नाही, बघितलं?"

अर्ध्या तासाने मी सामान गाडीत भरलं. विमानात पेट्रोल होतं वीस मिनिटांचं. ते एव्हाना कुठेतरी पडलं असणार, हे मला कळत होतं तर त्यांना नक्कीच कळत होतं. तरी त्यांनी हुकूम देणारा रेडिओ गळ्यातून काढला नव्हता, एरियल वरच होती.

"मामा, चला आता."

"थांबा, जावई. सेलला स्वल्प विश्रांती मिळाली की त्यात पुन्हा जीव येतो. तो आला आणि आम्ही इथे नसलो तर?"

त्यांची थट्टा करण्यात मी कधी मागे नव्हतो, पण तेव्हा केली नाही. मामी गाडीतून उतरून त्यांच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, मी दुसऱ्या. समोर आभाळ रिकामं होतं. मामा मधूनमधून रेडिओवरची काडी डावीकडे हलवत होते, विमान घरी वळवायला लागते तेवढीच.