डाव्या डिकीतला वरवंटा

आक्का, मला पोचवायला त्या पहाटे निपाणीच्या आपल्या गल्लीत दोनशे तरी माणसं जमली होती. जसा काही मी बेंगळूरला कारखान्यात नव्हे, चंद्रावरच चाललो होतो. कुत्री वगळली तर अकरा. तू त्यात नव्हतीस. तू चिकोडीला सासरी होतीस, दिवस भरलेले. नव्हतीस म्हणूनच हे इतक्या वर्षांनी तुला लिहायला लागतंय. आपल्या भागातनं इकडं आलेली बाकीची मंडळीही वाचतील, वाचू देत. त्यांच्यासाठी तुला ठाऊक असलेलं थोडं परत सांगतो.

आमचे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत पारखी होते. पानाचा वास घेऊन सांगायचे, हा माल कुठल्या गावचा, कुठल्या विहिरीवरचा, आणि त्या साली शेतकऱ्याचं बायकोशी पटत होतं की नाही. तिसरं मी पदरचं घातलंय, पहिली दोन खरी. गावोगाव फिरायला त्यांनी एक वापरलेली व्हेस्पा घेतली. नवी बुक करावी तर नंबर लागेपर्यंत बुक करणारा आजोबा व्हायचा, असा तो काळ. पिस्त्याच्या रंगाची ती स्कूटर गल्लीतली पहिली. तिचं इंजिन उजव्या कुशीत, त्यामुळं ती सदा उजवीकडं कललेली, गुपित ऐकायला वाकल्यासारखी. त्यावर सगळ्यांचा एकच इलाज, डाव्या डिकीत वजन. आप्पांनी आधी वीट ठेवली, ती फुटली. मग गुळाची ढेप ठेवली, तर मुंग्या एवढ्या लागल्या की त्यांच्याच जोरावर स्कूटर बिनपेट्रोलची तवंदी घाट चढली. शेवटी त्यांनी आईच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. तो नेमका बसला. आई आठ दिवस तांब्याच्या बुडानं चटणी वाटत होती आणि प्रत्येक रगड्याला आप्पांचा उद्धार करत होती.

"डावीकडं वजन हाय म्हणून उजवीकडचं पळतंय रं," आप्पा म्हणायचे, आणि आईकडं बघून हसायचे. आई तोंड फिरवायची, पण हसलेली दिसायची.

तर त्या पहाटे. गाडी बेळगावहून दुपारी. "एस्टीत कशाला आपटत जातोस, स्कूटर हाय की," म्हणून आप्पाच सोडायला निघालेले. पुढं पायाशी ट्रंक, मागं मी. एवढ्यात आईनं गाठोडं आणलं. दशम्या, कारळ्याची चटणी, काकवीची बाटली आणि अर्धी ढेप गूळ, कारण बेंगळूरच्या लोकांना गूळ म्हणजे काय ते ठाऊक नाही अशी तिची खात्री. गाठोडं डिकीत जाईना. आप्पा आत देवापुढं हात जोडत होते. मी वरवंटा काढला, उंबऱ्याशी ठेवला, गाठोडं आत कोंबलं, डिकी लावली. वजनाला वजन झालं. स्कूटर बेळगावपर्यंत सुतासारखी सरळ गेली, आप्पांना पत्ता लागला नाही.

बेळगाव स्टेशनात गाडी दीड तास उशिरा. आपण जैन. दिवस मावळला की आपल्याकडं कुणी घास घेत नाही, आणि आप्पा आल्याशिवाय आई ताटावर बसणार नव्हती. मी दहा वेळा म्हणालो, "जावा आप्पा, तुमचं जेवण बुडंल."

"जातो की. तुझी गाडी येऊ दे."

गाडी आली. गाठोडं माझ्या काखेत होतं. डिकी मोकळी झालीय हे सांगायचं माझ्या जिभेवर होतं, आक्का, अगदी जिभेवर. पण आप्पा एकदम म्हणाले, "भरमू, तिकडं तुला कुणी मराठी म्हणू दे, कुणी कानडी म्हणू दे. जेवलास का म्हणून जो इचारील त्यो आपला." आणि नाक शिंकरत, "तंबाकू चढली नाकात," म्हणून तोंड वळवलं. वखारीत जन्म गेलेल्या माणसाला तंबाखू चढत नाही. मी रडू दाबायच्या कामात एवढा गुंतलो की सांगायचं ते राहूनच गेलं.

लोंढ्याला गाडी थांबली तेव्हा मी दशमीशी खायला गूळ फोडायला घेतला. ती ढेप हातात जड लागली आणि मला वरवंटा आठवला. घास तसाच राहिला. बेंगळूरला उतरल्या उतरल्या कार्ड टाकलं: आप्पा, वरवंटा दारातच राहिलाय, माझ्या हातनं झालं, डिकीत ठेवा. आठवड्यानं त्यांच्या हातचं उत्तर आलं: "वरवंटा ठेवला आहे. काळजी करू नये. वेळेवर जेवावे." माझ्या जिवात जीव आला.

बेंगळूरनं मला बरं वागवलं. माझी चिकोडीकडची कानडी ऐकून कारखान्यात पहिले सहा महिने फुकट करमणूक झाली. पुण्याचे पाहुणे मला कानडी म्हणत, इथले मराठी म्हणत. घरमालकीण मात्र रोज जिन्यातनं विचारायची, "ऊटा आयता?" जेवलास का? आप्पांच्या हिशेबानं ती आपली झाली. पत्रांतनं कळायचं की आप्पांचा पाय जरा मुरगळलाय, आता बरा आहे, तंबाखूचं पीक बरं आहे, तुला मुलगी झाली.

सव्वा वर्षानं दिवाळीला आलो. घराचं दार सताड उघडं होतं, आणि ते मिटू नये म्हणून फळीला वरवंटा लावलेला होता. आतनं आप्पा आले, दोन्ही काखांत कुबड्या. दार ढकलायला हात मोकळा नसायचा म्हणून तो तिथं ठेवला होता. वरवंटा ठेवला आहे, त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी सुरू केलं, "आरं, म्हस! तवंदीच्या घाटात म्हस आडवी आली. काळी कुळकुळीत. मी म्हटलं बाई सरक. ती म्हणाली तूच सरक." शेजारपाजारचे हसले. आईही हसली. ही गोष्ट तुलाही पाठ आहे, तू तुझ्या मुलांना सांगतेस. मला बेळगावला सोडून परतताना, घर दोन मैलांवर, दिवस मावळायला आलेला, आणि उजवीकडं ओढणारी स्कूटर वळणावर खडीत गेली, हे माझ्याशिवाय कुणाला उमगलं नव्हतं. खुबा मोडला होता. एका ट्रकवाल्यानं आणून घरी टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटे ओसरीवर बसलेले बघून मी म्हणालो, "आप्पा, मी त्या दिवशी डिकीतनं..."

"शिंगं सांगितली का न्हाय तुला? एवढी शिंगं! एक शिंग निपाणीत, एक संकेश्वरात."

पुढच्या सुट्टीला परत धीर केला. तोवर म्हैस पांढरी झाली होती. त्याच्या पुढच्या वेळी तिच्या गळ्यात घंटा आली आणि ती कानडीत बोलायला लागली. मी जितकं जवळ जाईन तितकी म्हैस मोठी व्हायची. गप्पा ठोकण्यात मी आप्पांचाच मुलगा. थापेच्या आडोशाला माणूस काय करत असतो ते मला कळत होतं. ते मला सांगू देत नव्हते, आक्का. मी सांगितलं असतं तर त्यांना "असू दे रं" म्हणावं लागलं असतं, आणि मग ते खरंच घडलं असं झालं असतं.

पण घडलं होतंच. गावोगावच्या शेतांवर जाऊन पान बघणारा माणूस वखारीच्या दारात खुर्चीवर बसला. समोर येईल त्या पानाचा वास घ्यायचा, गावाचं नाव सांगायचं. ती गावं त्यांना परत दिसली नाहीत. स्कूटर त्यांनी चिकोडीकडच्या एका दूधवाल्याला देऊन टाकली. मी आणतो म्हटलं तर म्हणाले, "तिला फिरू दे."

माझा स्कूटरचा नाद इथनं सुरू झाला. बेंगळूरला एका गॅरेजच्या कोपऱ्यात पिस्त्याच्या रंगाची जुनी व्हेस्पा उजवीकडं कलून उभी दिसली आणि मी पगार घालवून ती घेऊन आलो. मग दुसरी. मग एक लँब्रेटा, कुणी भंगारात घालणार होतं म्हणून. आज पाच आहेत. लोकांना मी अठरा सांगतो. रविवारी इथली नादिष्ट मंडळी जमतात, कार्ब्युरेटर उघडतात, कॉफी पितात. मी त्यांना सांगतो, बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळाकडच्या रस्त्यावर आमच्या आप्पांनी विमानाला मागं टाकलं आणि पायलटनं खिडकीतनं नमस्कार केला. सगळे हसतात. माझ्या व्हेस्पांची डावी डिकी उघडली की विचारतात, "एन् सार, कल्लू?" काय साहेब, दगड? मी म्हणतो, आमच्याकडं तसंच असतं. लँब्रेटाचं इंजिन मधोमध, तिला वजन लागत नाही. तरी मी तिच्या हँडलला एक छोटा गोटा बांधलाय.

आप्पा गेल्याची तार आली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तू दारात उभी होतीस. तेरा दिवसांनी मी कुणाला न सांगता त्या दूधवाल्याकडं गेलो. स्कूटरच्या दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या, रंग गेलेला, पण आवाज तोच. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारा हात पुसत म्हणाला, "तुमच्या आप्पांनी गाडी देताना एकच गोष्ट शिकवली बगा. म्हणाले, निघायच्या आधी डिकी उघडून बघत जा. मी एक दिस बघिटलं न्हाय, माझी चूक झाली, असं म्हणाले."

"म्हशीचं काय बोलले न्हायत?"

"कसली म्हस?"

मी तिथं शेणाच्या ढिगाजवळ उकिडवा बसलो. त्या माणसानं मला पाणी दिलं आणि विचारलं, जेवलात का.

स्कूटर मी विकत घेतली. घरी आणली, आणि दाराला लावलेला वरवंटा डिकीत ठेवायला उचलला. दार कुरकुरत मिटायला लागलं. आई आतनं म्हणाली, "ठेव त्यो तितंच."

"आई, आता कशाला? आता कोण..."

"दार मिटतंय भरमू. ठेव."

मी ठेवला. त्या पहाटे मी तो काढला तेव्हा ती शेजारीच उभी होती, हे मला तेव्हा उमगलं. ती उठली, दशम्या बांधल्या, चटणी बांधली, काकवीची बाटली, अर्धी ढेप गूळ, आणि गाठोडं आपल्या हातानं डाव्या डिकीत घालून झाकण दाबलं. मी तवंदी घाट चढलो, वळणावर थांबलो नाही. स्कूटर सरळ चालली. बेळगावला ती पार्सलच्या डब्यात चढवली तरी गाठोडं बाहेर काढलं नाही. लोंढ्याला भूक लागली, मी काही खाल्लं नाही. वजन कमी करायचं नव्हतं.

ती आता माझ्या अंगणात आहे. मी ती चालवत नाही, नुसती पुसतो. डिकीत गूळ आहे. मुंग्या येतात, येऊ देत. मला कुणी विचारतं, तुमचं घर कुठलं, निपाणी का बेंगळूर? आधी मी यावर अर्धा तास बोलायचो. आता एवढंच म्हणतो, जिथलं दार माझ्या हातनं मिटलं नाही ते.

आक्का, तुझ्या मुलांना म्हशीची गोष्ट सांगत जा. शिंगं हवी तेवढी वाढव, आप्पांना आवडेल. तुला एकटीला ठाऊक असू दे, त्या दिवशी घाटात कुठली म्हैस आली नव्हती. मी आडवा आलो होतो.