कागदी कोण?

“आडनाव कागदी आहे का? नाही ना? मग सोडा मिळणार नाही.” आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब फौजदार यांनी रहीमचाचांचा अर्ज परत सरकवला.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी जुन्नरच्या मामलेदार कचेरीत नवा कारकून. रहीमचाचा शेख हातकागद करायचे. चिंध्या सोड्यात शिजवायच्या, कुटून लगदा करायचा, तो हौदात कालवून जाळीवर कागद उचलायचा. सोडा मात्र परमिटवर. पुण्याहून हुकूम आला होता, ‘तालुक्यातील कागदी यांस परमिट द्यावे.’

भाऊसाहेबांनी मतदारयादी उघडली आणि कागदी आडनावाचे तिघे शोधले. एक शिंपी, एक सायकली दुरुस्त करणारा, एक मंचरच्या बाजारात कांदे विकणारा. फुकट मिळालेल्या परमिटाला कोण नाही म्हणेल? कांदेवाल्यानं मला हळूच विचारलं, “राव, ह्यो सोडा भज्यात चालतो का?”

चाचा हलेनात. “साहेब, पंधरा दिस हौद कोरडा हाय. या महिन्यात सोडा न्हाई मिळाला, तर हौद बुजवून मुंबईला हमालीला जावं लागंल.”

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास. व्याकरणाची भारी खाज. म्हणालो, “भाऊसाहेब, हुकमातलं कागदी हे सामान्यनाम आहे, विशेषनाम नाही. नदी म्हणजे कुठलीही नदी, कुकडी म्हणजे ती एकच. तसं कागदी म्हणजे कागद करणारा कुणीही.”

“सामान्यनाम म्हणजे सामान्य माणसाचं नाव,” भाऊसाहेब म्हणाले. “सामान्य माणसाला सरकारी परमिट मिळालेलं कधी पाहिलंत?”

मी नव्हतं पाहिलं. म्हणून फाईल उचलून थेट मामलेदारसाहेबांकडे गेलो. मागोमाग भाऊसाहेबही आले.

“साहेब, आडनावावरच जायचं तर उद्या दरोडा पडला की भाऊसाहेब फौजदारांनाच तपासाला पाठवावं लागेल.”

साहेब खो खो हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. परमिट त्याच दिवशी निघालं, पण लिहिलं भाऊसाहेबांनीच. नाव : रहीम. आडनाव : कागदी.

“माझं शेख कुटं गेलं?” चाचांनी विचारलं.

“परमिट पाहिजे की शेख?”

चाचांनी परमिट घडी करून खिशात घातलं. पुढं त्यांच्या रेशनकार्डावर आणि नातवांच्या शाळेतही कागदीच लागलं. सख्खा भाऊ शेखच राहिला. त्या दिवशी मला राग आला आणि लाजही वाटली, पण नोकरी कच्ची होती. 

शाळेत व्याकरण चुकलं की छडी आपल्याला बसते. कचेरीत चुकलं की दुसऱ्याला.